लांब बाह्या

दिवा लागला की या घरात भांडायची सोय व्हायची.

आजी देवापुढे पळीभर तेलाचा दिवा लावायची आणि तो आपणहून शांत होईपर्यंत तोंडातून शब्द काढायची नाही. इतक्या वर्षांत हा नेम तिने मोडला नव्हता. तापात नाही, नवरा गेला त्या संध्याकाळीही नाही. त्यामुळे तिच्यासमोर जे बोलायची कोणाची छाती नव्हती, ते सगळं त्या वेळात बोललं जायचं. दुसऱ्या घरातली माणसं "जेवणं झाल्यावर बघू" म्हणतात, तशी या लाँड्रीतली माणसं "मौनात बघू" म्हणायची.

काकूनेही वात धरेपर्यंत वाट पाहिली. मग हातातली चादर अर्ध्या घडीत ठेवून ती टाचणीकडे वळली.

टाचणी गिऱ्हाइकांच्या कपड्यांना खुणेच्या पट्ट्या लावत होती. धाकट्या दिराची ही मुलगी. हिची आई घर सोडून गेली तेव्हा ही काकूच्या कडेवर होती, आणि काकूने तिला खाली ठेवलं ते थेट शाळेच्या दारात. शाळेत नाव वेगळंच होतं. पण बारीक अंग आणि टोचणारी जीभ बघून आजी टाचणी म्हणाली, आणि तेच चिकटलं.

"आता सांग," काकू म्हणाली. "शाळा अर्ध्यावर सोडून कशी आलीस?"

"मी नाही सोडली. शाळा मला सोडतेय."

"नीट बोल गं."

"उद्या सकाळी बाबांना घेऊन जायचं. बाबांनी हमी द्यायची, मी सगळ्या शाळेसमोर माफी मागायची. नाहीतर दाखला हातात. वर शेरा, वर्तणूक असमाधानकारक."

काकू मटकन स्टुलावर बसली. "केलंस काय?"

"खेळाचे सर म्हणाले, बाह्या वर करा. सगळ्यांनी केल्या, मी नाही केल्या. ते म्हणाले, हिचं दर वर्षी हेच, गणवेश नियमात नाही, आज मीच नियमात आणतो. आणि मनगट धरून बाही वर सारायला लागले. मी ढकललं. ते चेंडूंच्या जाळीत बसले."

"बसले?"

"पडलेच. पण बसल्यासारखे पडले."

काकूला हसू आलं आणि त्याच दमात डोळ्यांत पाणी आलं. कारण त्या बाह्या तिच्या हातच्या होत्या. शाळेच्या नियमात अर्ध्या बाह्या होत्या. दर वर्षी नवा गणवेश आला की काकू जुन्यातलं कापड कापून त्या मनगटापर्यंत वाढवायची. टीप इतकी बारीक, की जोड हाताला लागायचा, डोळ्याला नाही. दर वर्षी शाळेतून वहीत शेरा यायचा, "बाह्या नियमानुसार नाहीत." बाह्या लांब का, हे मात्र एकाही वर्षी कोणी विचारलं नाही.

आणि घरात तरी कोणी विचारलं होतं? या घरात इस्त्रीचा चटका म्हणजे मोठेपणा. पहिला चटका बसला की आजी त्यावर लोणी लावायची आणि म्हणायची, "शिक्का बसला. आता तू आमची." थोरल्याच्या, म्हणजे काकूच्या नवऱ्याच्या, तळहाताशी, आत्याच्या कोपरापाशी, काकूच्या स्वतःच्या अंगठ्याखाली, प्रत्येकाचा शिक्का होता आणि प्रत्येक शिक्क्याची गोष्ट होती. टाचणी सहा-सात वर्षांची असताना तिच्या दंडाच्या मागे पहिला चटका दिसला तेव्हाही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढीशी पोर, अजून हात टेबलाला पुरत नाहीत, आणि शिक्का! कौतुकाच्या भरात कोणी हिशोबच केला नाही, की दंडाच्या मागच्या बाजूला स्वतःच्या हाताने इस्त्री लागते कशी. काकूच्या ते तिसऱ्या चटक्याला लक्षात आलं. तिने दुसऱ्या दिवशी बाह्या वाढवल्या. तेवढंच केलं.

थोरला मागच्या खोलीतून हात पुसत आला. धुलाईची यंत्रं त्याच्याकडे. त्यांच्या घरघरीत त्याला पुष्कळ गोष्टी ऐकू येत नसत, आणि ज्या येत त्याही तो यंत्रांवर ढकलत असे.

"काय झालं?"

काकूने सांगितलं. थोरल्याने कपाळावरून हात फिरवला. "मग त्यात काय एवढं? धाकट्याला घेऊन जा, दोन शब्द माफीचे बोलून टाक, विषय संपला. नमतं घेतल्याने कोणी मरत नाही. त्या शाळेचे पडदे आपल्याकडे येतात, सभागृहाच्या चादरी आपल्याकडे येतात..."

"पडदे शाळेत जातायत म्हणून मी पण जाऊ का, काका? घडी घालून?"

"बघ, जीभ बघ हिची!"

"अहो, जीभ राहू द्या," काकू म्हणाली. "ती काय म्हणते ते ऐका."

टाचणीने हातातली पट्टी खाली ठेवली. "सहावीत असताना मी मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं होतं. सगळं. दंड दाखवला होता. त्या म्हणाल्या, बरं केलंस सांगितलंस. आणि दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावलं. बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले, हात जोडले, म्हणाले, आईविना पोर आहे, लक्ष वेधून घेते. बाईंनी माझ्यासमोर त्यांना चहा दिला. मग घरी आलो. तुम्ही यंत्रापाशी होतात, काका. आजी मौनात होती."

यंत्रं आत्ता बंद होती. थोरल्याला काहीतरी आवाज हवा होता, पण नव्हता.

"आठवीत नव्या वर्गशिक्षिका आल्या, त्यांनी आपणहून विचारलं. मी काहीच बोलले नाही. तरी त्यांनी बाबांना बोलावलं. शाळेला दुसरं काही येतच नाही. पोरगं पडलं, पालकांना बोलवा. पोरगं रडलं, पालकांना बोलवा. आणि पालकांनीच रडवलं असेल तर? तरी पालकांनाच बोलवा!"

थोरला हळूच म्हणाला, "मग नको जाऊ शाळेत. घरचा धंदा आहे. काय कमी आहे?"

"आत्याने परिचारिकांच्या शाळेची चौकशी केलीय. तिथे राहायची सोय असते. राहायची, काका. पुढच्या वर्षीची शेवटची परीक्षा पास व्हायला हवी, आणि दाखल्यावर वर्तणूक चांगली लागते. तो शेरा बसला तर मी इथेच. या टेबलापाशी. बाबांच्या टेबलासमोर."

देवापुढे आजीची पाठ दिसत होती. ती हलली नाही. जपमाळेचे मणी मात्र थांबले होते, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

*

धाकटा आला तो शीळ घालतच. पोहोचत्या करायच्या कपड्यांची रिकामी टोपली त्याने दारात ठेवली आणि हसत म्हणाला, "अरे वा, सभा भरलीय! मला नाही बोलावलं?"

गिऱ्हाइकं त्याच्यावर जीव टाकायची. म्हातारी माणसं म्हणायची, हा पोरगा शर्टाची कॉलर नाही, आमची मान ताठ करतो. आवाज कसा, तर मऊ सुती कापडासारखा. थोरल्याला मात्र लहानपणापासून एक गोष्ट ठाऊक होती: धाकट्याचा आवाज जितका मऊ होतो, तितकं त्याच्यापासून लांब राहावं. त्यांच्या वडिलांचं अगदी असंच होतं.

"खेळाचे सर भेटले वाटेत," धाकटा म्हणाला. त्याने इस्त्रीचं बटण लावलं, टेबलावरची चादर हाताने सारखी केली. "किती काळजीने बोलत होते बिचारे. मी म्हटलं, सर, मी येतो ना सकाळी. पोर आहे, चुकतं. काय बाळा?"

टाचणीने खाली ठेवलेली पट्टी पुन्हा उचलली.

"दादा, तू काही टेन्शन घेऊ नकोस. वहिनी, तुम्ही पण नका घेऊ. मी समजावतो तिला." त्याने इस्त्रीच्या तळाला ओल्या बोटाचं टोक लावलं. चर्रर झालं. "चल टाचणे, वर खोलीत. बोलू आपण."

"काय बोलायचंय ते इथे बोल की," दारातून आवाज आला.

आत्या आली होती. बसच्या ड्रायव्हरचा गणवेश अजून अंगावर होता, आणि सहा चाकं मागे घेऊन वळवणाऱ्या बाईची एक वेगळीच उभं राहायची पद्धत असते, तशी ती शटरखालून वाकून आत येऊन उभी राहिली. काकूने दुपारीच तिला फोन केला होता. थोरल्याने बायकोकडे बघितलं. काकूने त्याच्याकडे बघितलं नाही.

"ताई! अगं ये ये. दमली असशील."

"दमलेच आहे. पण तुझ्या गोड बोलण्याने साखर वाढते माझी, तेवढं आवर. पोरीला वर नेऊन काय बोलणार आहेस?"

"बापलेकीतलं असतं काही."

"आपल्या बापाचं पण असायचं काही. माझ्याशी असायचं, तुझ्याशी असायचं. तू टेबलाखाली लपायचास, आठवतं? मी तुझ्यापुढे बसायचे."

धाकट्याचा हात जरा थांबला. मग तो पुन्हा हसला, पण आता हसू फक्त खालच्या ओठावर होतं. "जुनी धुणी काढू नकोस, ताई. टाचणे, चल म्हटलं ना."

थोरला म्हणाला, "अरे, राहू दे ना आत्ता..." आणि तिथेच त्याचं वाक्य संपलं. त्याची वाक्यं नेहमी तिथेच संपत.

धाकट्याने टाचणीचं मनगट धरलं. जिथे सकाळी सरांनी धरलं होतं, तिथेच.

*

आजीने डोळे उघडले. दिव्यात अजून निम्मं तेल होतं.

हे मौन तिने कधी धरलं ते घरात फक्त तिलाच आठवत होतं. नवरा संध्याकाळी पिऊन यायचा आणि तिचा एक शब्द त्याला पुरायचा. चांगला शब्द असो की वाईट. मग तिने त्या वेळेपुरते शब्दच देवाकडे ठेवायला दिले. देवाने ते सांभाळले. नवरा न बोलणाऱ्या बाईला कंटाळायचा, आणि पोरांकडे वळायचा. तेव्हा तिला वाटायचं, मी एक शब्द बोलले तर दुप्पट होईल. असं वाटता वाटता नवरा गेला, मौन राहिलं, त्याचं व्रत झालं, व्रताचं पुण्य झालं. आणि आता तीच वेळ तिच्या मुलाने निवडली होती. गेली कित्येक वर्षं तो नेमका दिवा लागल्यावरच म्हणायचा, "चल वर." तिला ऐकू यायचं. जिन्याच्या पायऱ्या ऐकू यायच्या. ती माळ ओढायची, जोरात ओढायची.

देवाच्या चेहऱ्यावर दिव्याचा उजेड हलत होता. आजीला वाटलं, मी बोलत नाही म्हणून हाही बोलत नाही. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलोय.

"सोड तिला."

कोणाला कळेचना आवाज कुठून आला. त्या वेळी त्या घरात तो आवाज कधी कोणी ऐकलाच नव्हता.

धाकटा वळला. "आई, दिवा जळतोय अजून."

"जळू दे. त्यालाही ऐकू दे." आजी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळू, जशी रोज उठायची तशी. "हात सोड तिचा. ती वर जाणार नाही. तू बाहेर जाणार."

"आई, तुझं व्रत मोडलंस? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी एवढे दिवस पाळलं. आता मोडलं ते तिच्यासाठी." ती चालत टेबलापाशी आली. टाचणीची बाही तिने स्वतः वर केली, दंडापर्यंत, मग मागे वळवून बघितलं. तिथे बोट ठेवलं नाही. नुसती बघत राहिली. "मी याला शिक्का म्हटलं," ती म्हणाली. "लोणी लावलं मी याला."

इस्त्री तापली होती. चादरीचा जळका वास यायला लागला.

धाकट्याने मनगट सोडलं, पण आवाज मऊच ठेवला. "बरं. मी जातो. पण उद्या शाळेत कोण जाणार? ती शाळा मला ओळखते, आई. बाई मला ओळखतात, मी त्यांचा आवडता विद्यार्थी. वडिलांची हमी मागितलीय त्यांनी, आजीची नाही. माझ्याशिवाय ते तिला दारात उभं करणार नाहीत. आणि दुकान? या शहरातले सगळे शर्ट माझ्या हातावर चालतात. दादा, सांग ना हिला."

सगळे थोरल्याकडे बघायला लागले. आयुष्यभर या माणसाने कोणाची बाजू घेतली नव्हती. बाजू घ्यायची वेळ आली की तो यंत्राचा पट्टा तपासायला जायचा. आत्ताही त्याचे पाय मागच्या खोलीकडे वळले. दोन पावलं गेलाही. मग तो भिंतीपाशी थांबला, त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं, वायर उपटली, आणि ती गरम इस्त्री उचलून आपल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"शर्ट मी करीन," तो म्हणाला. "चुण्या राहतील. राहू देत."

एवढं बोलून त्याला घाम फुटला.

धाकटा शटरखालून वाकून निघाला. जाताना म्हणाला, "उद्या दुपारी तुम्हीच शोधत याल मला." शीळ मात्र त्याने घातली नाही.

"आज पोरगी माझ्याकडे झोपेल," आत्या म्हणाली. "आणि त्याच्यावर तक्रार मी करणार आहे, आई. आत्ताच सांगते. मग म्हणू नकोस, घरातलं घरात ठेवायला हवं होतं."

आजी दिव्याकडे बघत होती. "घरातलं घरात ठेवायचा धंदा बंद," ती म्हणाली.

*

सकाळी काकू गणवेश घेऊन आत्याच्या खोलीवर आली, तेव्हा तिच्या हातात टिपा उसवायची बारीक कात्री होती.

"आधी विचारते, मगच उसवते," ती टाचणीला म्हणाली. "तुझ्या मनाविरुद्ध नाही. बाह्या ठेवू का काढू?"

टाचणीने बराच वेळ त्या जोडावरून बोट फिरवलं. "काढ."

"सगळे बघतील गं."

"ते दर वर्षी लिहितात ना, नियमात नाही म्हणून? मग नियमात जाऊ या. एकदा तरी."

काकूने उसवायला घेतलं. स्वतःची टीप उसवणं दुसऱ्याच्या टिपेपेक्षा अवघड असतं, कारण आपण ती निघू नये म्हणूनच घातलेली असते.

*

मुख्याध्यापिकांची ती सकाळ आधीच बिघडलेली होती. दोन शिक्षक रजेवर, एका वर्गाची खिडकी निखळलेली, आणि प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत हे लाँड्रीवाल्यांचं प्रकरण मिटवायचं होतं. वडील येतील, नम्रपणे बोलतील, मुलगी पुटपुटत माफी मागेल. अशी प्रकरणं त्यांनी खूप मिटवली होती. मिटलेलं पुन्हा उघडून बघायला शाळेत वेळ कोणाला असतो?

पण दारातून आली ती म्हातारी, तिच्यामागे सून, मग बसच्या गणवेशातली एक बाई, आणि सगळ्यात मागे, टोपी हातात घेतलेला, दाराच्या चौकटीशी बोलत असल्यासारखा उभा राहिलेला थोरला. काकूने आत आल्या आल्या पडद्यांकडे बघितलं. चुण्या नीट बसल्या होत्या. सवय जात नाही.

"वडील कुठेत?"

"ते येणार नाहीत," आजी म्हणाली.

मग त्यांना मुलगी दिसली. अर्ध्या बाह्या. उघडे दंड. मुख्याध्यापिकांची नजर तिथे गेली आणि लगेच टेबलावरच्या पेनांच्या डब्याकडे वळली. डब्यातली पेनं त्यांनी सरळ केली.

"हिला... हिला वरून काहीतरी घाला. आता मुलं प्रार्थनेला जमतील."

"नियमात अर्ध्याच बाह्या आहेत ना, बाई?" टाचणीने विचारलं.

"उद्धटपणा नको. आम्हाला कसं कळणार, सांगा बरं? लाँड्रीतली मुलगी, इस्त्रीपाशी वावरणारी. तिच्या वडिलांनी तसं सांगितलं होतं, आणि तुम्हा घरच्यांनाही ठाऊक असणारच."

"ठाऊक होतं," काकू म्हणाली. "मी बाह्या शिवल्या, बाई. ती चूक माझ्याकडे आहे, ती मी कुठेही कबूल करीन. पण तिने सहावीत तुम्हाला दाखवलं होतं. तुमच्याकडे काय आहे?"

"मी पालकांना बोलावलं. रीत तीच आहे."

"मला ओळखलंत का, बाई?" आत्या पुढे झाली. "मी याच शाळेत होते. तुम्ही तेव्हा वर्गशिक्षिका होतात. पहाटे बॉयलर पेटवून यायचे आणि तुमच्या तासाला झोपायचे. तुम्ही मला बाकावर उभं करायचात. मी उभ्याने झोपायला शिकले."

मुख्याध्यापिकांनी तिच्याकडे नीट बघितलं. त्यांना आठवलं. बाकावर उभी असलेली, मान एका बाजूला पडलेली मुलगी. एके दिवशी ती यायची बंद झाली होती. आणि वर्गात जागा झाली म्हणून त्यांना बरं वाटलं होतं, तेही आठवलं. तिचा लहान भाऊ मात्र फार गोड बोलायचा.

"घरच्या गोष्टीत शाळेने किती पडायचं?" त्या म्हणाल्या, पण आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"बाही किती लांब असावी त्यात पडताच की," आत्या म्हणाली.

बाहेर मुलांचा गलका वाढला. मुख्याध्यापिकांनी पाण्याचा घोट घेतला. "हे बघा, मला वाईट वाटतंय. खरंच वाटतंय. पण सरांना ढकललं, ते राहतंच. चारशे मुलांनी बघितलं. माफी मागितल्याशिवाय मी हिला वर्गात बसवू शकत नाही. उद्या प्रत्येक जण ढकलेल."

सगळ्यांनी टाचणीकडे बघितलं. थोरल्याच्या ओठांवर "माग ना गं" आलं होतं. त्याने ते गिळलं.

"सरांना लागलं असेल तर मी विचारीन, लागलं का म्हणून," टाचणी म्हणाली. "माफी मागणार नाही. माझं मनगट आहे. ते सरांनी धरलं काय, बाबांनी धरलं काय, मी सोडवून घेणार."

"मग वर्गात जाता येणार नाही."

"माझं दप्तर वर्गातच आहे," टाचणी म्हणाली, आणि दारातून बाहेर गेली. थोरला बाजूला सरला. त्याने फक्त तिला वाट दिली, पण शिपाई आत यायला लागला तेव्हा तो पुन्हा चौकटीत उभा राहिला, आणि चौकट भरून गेली.

"मी इथून थेट मुलांच्या संरक्षणाच्या कार्यालयात चाललेय," आत्या म्हणाली. "दंडावरचे चटके मी तिथे सांगणार. सहावीतला चहा पण सांगणार. तुम्ही माझ्या आधी फोन केलात, तर शाळेने कळवलं असं होईल. तेवढी सवलत देते, माझ्या बाई म्हणून. मी तिथे पोहोचायच्या आत ठरवा."

मुख्याध्यापिका उठल्या, दाराबाहेर आल्या. व्हरांडा रिकामा होत होता. टाचणीच्या वर्गासमोर एक लाकडी बाक होतं, उशिरा येणाऱ्या मुलांना बसवायचं. त्यावर आजी बसली होती. पिशवीतून तिने छोटा दिवा काढला होता आणि ती वात सारखी करत होती.

"अहो आजी, हे काय? इथे दिवा लावता येणार नाही."

"काल मौन मोडलं मी," आजी म्हणाली. "देवाचं देणं मी अंगावर ठेवत नाही. आज इथे फेडते. ती आत बसेल तोवर मी इथे बसेन." तिने काडी ओढली. वात धरली. आजीने ओठ मिटले, हात जोडले आणि वर्गाच्या दाराकडे तोंड करून बसली, जशी रोज देवाकडे बसायची.

"आजी, ऐका तरी. अहो, उत्तर द्या."

उत्तर आलं नाही. त्या बाईशी आता कोणालाच वाद घालता येणार नव्हता.

वर्गात हजेरी सुरू होती. आत नावं पुढे सरकत होती आणि एका नावापाशी थांबली. वर्गशिक्षिकेने मान वर केली. तिला उघड्या दंडांची मुलगी दिसली, तिच्यामागे दार, दारापलीकडे दिवा, आणि दिव्यामागे मुख्याध्यापिका, ज्या होय म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. शिक्षिकेने पेन उचललं आणि ते नाव पुन्हा घेतलं, या वेळी मोठ्याने.

"हजर," टाचणी म्हणाली. व्हरांड्याच्या टोकाला उभ्या असलेल्या थोरल्यालाही ते ऐकू गेलं. इथे यंत्रं नव्हती.

मुख्याध्यापिका काकूकडे वळल्या. "किती वेळ चालतं हे?"

"दिव्यातलं तेल संपेपर्यंत," काकू म्हणाली, आणि दुकानातून आणलेला तेलाचा पाच लिटरचा डबा तिने बाकाशेजारी ठेवला.